आप्पांचं पित्त आणि मॅडमची रजा

सोमवार, ६ जानेवारी २०२५

अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली आणि म्हणाले, "आप्पा, गोळ्या मी देतो. पण तुमचं पित्त कशानं खवळतं ते तुम्हालाच शोधावं लागेल. रोज काय खाल्लं, दिवसभरात काय झालं, लिहून ठेवत जा." म्हणून ही डायरी. बियाणांच्या दुकानदारानं दिवाळीत दिलेली, पानोपानी सोयाबीनचं चित्र आहे.

लिहायला मी घाबरत नाही. शाळा आठवीपर्यंतच झाली, पण पुढं ऊसतोड टोळीचा मुकादम होतो. फडाच्या बांधावर डोळे मिटून बसलो तरी कोयत्याच्या आवाजावरून सांगायचो, कोण तोडतंय आणि कोण नुसतं पाचट हलवतंय. मग खडीचा क्रशर टाकला, आणि मग आईच्या नावानं हे कॉलेज काढलं. भिवराबाई कला व वाणिज्य महाविद्यालय, केज-अंबाजोगाई रस्ता. मी अध्यक्ष. माझी खोली आणि प्राध्यापकांची खोली यांच्यामध्ये प्लायवूडची भिंत आहे. ती मी मुद्दाम पातळ बसवून घेतली.

आज त्या भिंतीतून नवल ऐकलं. आदिनाथ नावाचा दुसऱ्या वर्षाचा पोरगा भूगोलाच्या वर्षाराणी मॅडमपुढं रडत होता. "मॅडम, आजा गेला. आई-बाप कारखान्यावर हायेत, कर्नाटकात. आज न्हाई पोचायचे."

मॅडम म्हणाल्या, "बरं. अर्ज आणलास का? सही कुठं करू?"

बास. एवढंच. गेल्या साली एका पोराची शेळी मेली तर ह्याच बाईचे डोळे आठवडाभर सुजले होते. वर्गणी काढून नवीन शेळी घेऊन दिली, तिचं नावही ह्यांनीच ठेवलं. आणि आज आजा गेला तर अर्ज!

दुपारी मिरचीची भजी खाल्ली. पित्त झालं. भजी बंद.

गुरुवार, ९ जानेवारी

प्राचार्य मुंजाजी सरांना बोलावून विचारलं, मॅडमला झालंय काय. सर नऊ वर्षांपासून प्रभारी आहेत, त्यामुळे कोणतीही गोष्ट अर्धवटच सांगतात.

"त्याला कम्पॅशन फटीग म्हणतात, आप्पा. सहानुभूतीचा थकवा."

"सहानुभूतीला काय हातपाय हायेत का बे थकायला?"

"मी ऑनलाइन व्याख्यानात ऐकलं. दुसऱ्याचं दुःख ऐकून ऐकून माणूस आतून बधिर होतो. परदेशात विद्यापीठांतल्या मास्तरांवर ह्याचा अभ्यास चालू आहे."

"परदेशात ऊस हाय का?"



आमच्याकडं दिवाळी झाली की निम्म्या पोरांचे आई-बाप कोयता घेऊन कारखान्यांवर जातात, ते उन्हाळ्यातच येतात. तोवर पोरांना विचारणारं कुणी नसतं. म्हणून आम्ही पालक-प्राध्यापक योजना काढली. प्रत्येक प्राध्यापकानं काही पोरांचा पालक व्हायचं. कागदावर सगळे पालक आहेत. खरं तर सगळी पोरं मॅडमकडंच जातात. त्याशिवाय मॅडमकडं राष्ट्रीय सेवा योजना, परीक्षा, महिला तक्रार समिती, माजी विद्यार्थी मेळावा, हरित परिसर आणि स्वच्छतागृहांच्या चाव्या आहेत. नाही म्हणायची सवय नाही बाईंना. गुणी बाई.

जाता जाता सर म्हणाले, "लातूरच्या एका कॉलेजात मुलाखत आहे त्यांची. तिकडं नुसता भूगोल शिकवायचा असतो म्हणे."

हे मात्र लागलं. मागच्या हंगामात आमच्या कॉलेजातून एकही पोर कोयत्याला गेलं नाही. तालुक्यात दुसरं कॉलेज दाखवा असं. हे कुणामुळं, ते मला कळतं. बाई गेली तर पोरं पांगणार. आणि वीस फेब्रुवारीला विद्यापीठाची तपासणी समिती यायची आहे.

काहीतरी केलं पाहिजे.

संध्याकाळी शेंगदाण्याची चटणी. पित्त. चटणी बंद.

शनिवार, ११ जानेवारी

उपाय केला. बीडहून हास्ययोगाचे गुरुजी आणले. सगळा स्टाफ मैदानात उभा केला. गुरुजी म्हणाले, "आता सिंहासारखं हसायचं!" मुंजाजी सर सिंहासारखे हसले तर दारात बसलेलं कुत्रं उठून गेलं. पोरं गच्चीवरून बघत होती.

सगळ्यांत जास्त मॅडम हसल्या. इतक्या, की डोळ्यांतून घळाघळा पाणी. शिबिर संपलं, लोक चहाला पांगले, तरी त्या पाण्याच्या टाकीमागं तोंडाला ओढणी लावून हसतच होत्या. खांदे नुसते हलत होते. मी मध्ये गेलो नाही. म्हटलं, मनसोक्त हसू दे.

फरक पडला. गुरुजींना नारळ जास्तीचा दिला.

पित्त झालंच. गुरुजींसोबत चहा जास्त झाला असणार.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. मॅडमनी तिळगूळ दिला. "गोड बोला" म्हणायला विसरल्या. मी म्हणालो, "मॅडम, पुढं?" त्या म्हणाल्या, "पुढं काय, आप्पा?" आणि खरंच माझ्याकडं बघत राहिल्या.

म्हणजे हसण्याचा गुण तीन दिवसच टिकला. दुसरा उपाय ठरवला, आणि ह्यात मी कधी चुकलो नाही. सत्कार. माणूस कितीही मोडलेला असो, डोक्यावर फेटा आणि खांद्यावर शाल पडली की ताठ होतो. सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर 'आदर्श माता-प्राध्यापिका' पुरस्कार.

मुंजाजी सरांनी शंका काढली. "सूत्रसंचालन कोण करणार? दरवेळी मॅडम करतात."

"मग ह्या वेळी दुसरं कोण करणार? त्याच."

"मानपत्राचा मजकूर?"

"अक्षर कुणाचं चांगलं हाय?"

"मॅडमचं."

"मग झालं तर."

तिळाच्या पोळ्या चार. पित्ताचं कारण स्पष्ट आहे.

रविवार, २६ जानेवारी

सत्कार दणक्यात झाला. पण शेवटी एक भानगड झाली, ती लिहितो.

मंडप भरला होता. आजूबाजूच्या गावांचे सरपंच, माजी सभापती, सोसायटीचे चेअरमन, सगळ्यांनी भाषणं केली. सूत्रसंचालन मॅडमनी नेहमीसारखं सुरेख केलं. एकदाच अडखळल्या. "यानंतर सत्कारमूर्ती... म्हणजे मी... पुढं येत आहे," म्हणाल्या, आणि माईक खाली ठेवून, पुढं येऊन, फेटा बांधून घेऊन, परत माईक उचलला. स्वतःचं मानपत्रही त्यांनीच वाचलं. "आपण मूर्तिमंत करुणा आहात," हे वाक्य त्यांनी दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा जरा हळू, खात्री करून घेतल्यासारखं.

मग मी म्हणालो, "मॅडम, आज मनातलं बोला. काय पाहिजे ते मागा!"

त्या म्हणाल्या, "मला रजा पाहिजे. तीन आठवडे."

मंडप हसला. टाळ्या पडल्या. मीही हसलो. मॅडम हसल्या नाहीत. फेटा कपाळावर घसरला होता, तोही त्यांनी सावरला नाही.

आता माईकवर मागितलं होतं, आणि समोर गाव. माईकवर मी कधी नाही म्हटलेलं नाही. म्हणालो, "दिली! आणि तुमच्या खुर्चीत तीन आठवडे हा त्रिंबक स्वतः बसंल!"

काय टाळ्या पडल्या!

मॅडमनी आभारप्रदर्शन केलं आणि त्या फेट्यासकट माहेरी, युसूफ वडगावला, निघून गेल्या.

जिलेबी. पित्त.

मंगळवार, २८ जानेवारी

बसलो खुर्चीत. सगळीकडं बातमी गेली होती, सकाळपासून पोरांची रांग.

एकाचा बाप कारखान्यावरून फोन उचलत नव्हता. त्या टोळीचा मुकादम माझ्या हाताखालचा. दोन मिनिटांत बाप फोनवर. एकीचा मामा लग्नाची घाई करत होता. मामाला फोन लावून म्हणालो, "पोरगी परीक्षा देणार हाय. तू मांडव टाकलास तर मी पोलीस घिऊन पंगतीला येतो." मामा लगेच सभ्य झाला. एकाला राहायला खोली पाहिजे होती, क्रशरवर दिली.

जेवायच्या आत रांग संपली. ह्यात थकायचं काय? ऐकायचं आणि फोन लावायचा. शिकलेली माणसं कशाचंही दुखणं करतात. ह्या हिशेबानं मला समुपदेशनाची पदवी द्यायला हरकत नाही.

भाकरी, मेथी, कांदा. पित्त नाही!

शुक्रवार, ३१ जानेवारी

आज सायली आली. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, घरी ती आणि आजी. बसली आणि म्हणाली, "आप्पा, बाबाचा फोन आला की मागं आई खोकती. बाबा सांगत न्हाई. इचारलं की म्हणतो, वारं हाय."

मी फोन उचलला. "कोणत्या कारखान्यावर? डॉक्टर पाठवतो."

"दाखवलंय आप्पा. गोळ्या चालू हायेत."

"मग पैसे पाहिजेत?"

"न्हाई."

"मग कावून आलीस पोरी?"

"नुसतं सांगायला आलते," म्हणाली. डोळे पुसले, "मॅडम ऐकून घ्यायच्या," म्हणाली आणि गेली.

फोन हातातच राहिला. तिनं जे सांगितलं ते आता कुठं ठेवायचं? फोन लावला असता तर पलीकडच्याकडं गेलं असतं. हे तर माझ्याकडंच राहिलं. जेवताना तो खोकला, जो मी ऐकलेलासुद्धा नाही, तो ऐकू येत होता.

तिच्यानंतर अजून काही जण आले. सगळे नुसतं सांगायला.

वांग्याचं भरीत. जबर पित्त. वांगं कायमचं बंद.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

घरात भांडण झालं. कारण अजून कळलं नाही.

जेवायला बसलो होतो. आमची रुक्मिण म्हणाली, "आवं, गुडघा लई दुखतोय."

मी म्हणालो, "बरं. अर्ज कर."

तिनं परात आपटली. मी एवढंच म्हणालो! तेव्हापासून भाकरी समोर येते, ती बोलत नाही.

बायकांना राग कशाचाही येतो. परातीच्या आवाजानं पित्त झालं असावं, कारण जेवण तर वरण-भाताचं होतं.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

आता प्राध्यापकही यायला लागले. कुणी नऊ वर्षं तासिका तत्त्वावरच, कुणाची बी.एड. झालेली बायको घरी बसलेली, कुणाला झोप नाही. आज मुंजाजी सर आले आणि दार लावून घेतलं.

"आप्पा, बायको पोरापाशी पुण्याला. रोज रात्री मी कुकरमध्ये खिचडी लावतो. काल शिट्टी झाली आणि मला रडू आलं. शिट्टीला रडू येतं का हो कुणाला?"

मी शिट्ट्या किती झाल्या तेवढं विचारलं.

दुपारी रांग पाहिली आणि शिपाई हरिबाला म्हणालो, "आप्पा आष्टीला गेलेत म्हणून सांग." आणि मागच्या दारानं क्रीडा साहित्याच्या खोलीत जाऊन लपलो. स्वतः बांधलेल्या कॉलेजात!

आत कॅरम, जाळ्या, मोडकी लेझीम. कोपऱ्यात उंच उडीची गादी, आणि गादीवर स्वच्छ चादर. उशाशी पाण्याची बाटली, कंगवा, बिस्किटांचा पुडा, चार्जर. मला वाटलं कुठला खेळाडू राहतो की काय. मग बाटलीवर नाव दिसलं. वर्षाराणी, भूगोल.

बाई इथं येऊन झोपायच्या! की नुसत्या बसायच्या, कोण जाणे. खोलीला खिडकी नाही, वर्गांचा गलका येत नाही. मी तासभर बसलो. एक बिस्किट खाल्लं. मग अजून एक.

बाहेरून हरिबा कुणाला तरी सांगत होता, "आप्पा आष्टीला गेलेत." दार ढकलून मुंजाजी सर आत आले. मला पाहिलं, "माफ करा, मी समजलो रिकामी असंल," म्हणाले आणि निघून गेले.

बिस्किटांनी पित्त होतं. नोंद.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

हे कसं लिहावं?

दुपारी सायली आली. बसली नाही. म्हणाली, "आप्पा, बाबा मोळी घिऊन ट्रकच्या फळीवरून घसरला. पाय मोडला. आई एकटी पडली. मी जाते कोयत्याला. नाव कमी करा."

मी म्हणालो, "बरं. अर्ज आणलास का? सही कुठं करू?"

तिनं अर्ज पुढं केला. मी सही केली. ती गेली.

ती फाटकापाशी पोचली असेल, आणि मला माझा आवाज ऐकू आला. खरंच, प्लायवूडच्या पलीकडून यावा तसा. हेच शब्द. ह्याच खुर्चीतून. मी चिडून डायरीत लिहून ठेवलेले. मागची पानं काढून पाहिली. फरक एका अक्षराचा नाही. मग चार तारीख वाचली, परातीची. तिथंही तेच.

आयुष्यभर दुसऱ्याचा आवाज ओळखून पोट भरलं, आणि स्वतःचा ओळखायला आजचा दिवस लागला. मागच्या हंगामात एकही पोर कोयत्याला गेलं नाही, हे मी गावभर सांगत फिरलो. ह्या हंगामातलं पहिलं पोर मीच सही करून पाठवलं.

तशीच जीप काढली आणि युसूफ वडगावला गेलो, मॅडमला परत आणायला.

मॅडम भावाच्या शेतात होत्या. आगटीत ज्वारीची कणसं भाजणं चालू. हाताला काजळी, भाच्यांत बसून मोठ्यानं हसत होत्या. आता कळलं की ह्या हसतात तेव्हा खांदे हलत नाहीत.

"मॅडम, लई वांदे झाले," म्हणून मी सुरू केलं. सायली, सर, शिट्टी.

मॅडमनी हात जोडले. "आप्पा, मी रजेवर आहे. हुरडा खा."

"अहो पण..."

"सोमवारी. आज मला सांगितलंत तर मी लातूरच्या मुलाखतीला जाईन." आणि त्यांनी गरम हुरड्याची मूठ माझ्या हातावर ओतली आणि विहिरीकडं निघून गेल्या.

त्यांच्या आई मुक्ताबाई तिथंच दाणे चोळत होत्या. म्हणाल्या, "मला सांग बाबा. मला ऐकू येत न्हाई, पण तू सांग."

आता ऐकू न येणाऱ्या बाईला काय सांगायचं? पण कणसं भाजायला वेळ होता, म्हणून सांगितलं. न ऐकलेला खोकला सांगितला. सही सांगितली. माझी आई भिवराबाई अशीच एकदा फळीवरून पडली होती आणि मी तेव्हा ट्रक भरायची घाई करत होतो, हे कुठून मध्येच आलं कोण जाणे. मुक्ताबाई मान हलवत होत्या, मध्येच "हां, हां" म्हणायच्या, हातावर दाणे ठेवायच्या. त्यांनी एकही उपाय सांगितला नाही.

किती वेळ बोललो ते कळलं नाही. उठलो तेव्हा छाती मोकळी. पित्ताचं नाव नाही.

हुरडा पित्ताला लई चांगला. डॉक्टरांना सांगायला हवं.

परत येताना सायलीच्या घरावरून आलो. ती पिशवी भरत होती. मी उंबऱ्यावर बसलो, फोन जीपमध्येच ठेवला. म्हणालो, "सांग पोरी."

"काय सांगू?"

"जे सांगायचं ते."

तिनं पिशवीचं तोंड बांधलं. मग सांगू लागली. सांगता सांगता कळलं की चुलता जायला तयार आहे, पण त्याचा हरभरा काढून झाल्यावर. दोन आठवड्यांचीच अडचण होती. तिनं दुपारीच सांगितलं असतं, मी विचारलं असतं तर. अर्ज तिच्याकडून मागून घेतला आणि 'नाव कमी करणे' खोडून 'रजा' केलं. जीपमधून तिला गाडीपर्यंत सोडलं.

सोमवार, १७ फेब्रुवारी

मॅडम आल्या. खुर्चीत बसल्या नाहीत, माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"आप्पा, तीन गोष्टी. स्वच्छतागृहांच्या चाव्या मी घेणार नाही."

"हरिबाला दिल्या."

"पोरांचं एकटी ऐकणार नाही."

ह्यावर मी आधीच विचार केला होता. ट्रक भरताना फळीवरून एकच माणूस दिवसभर मोळ्या वाहत नाही. चार खेपा झाल्या की तो खाली बसतो, दुसरा चढतो. टोळीत हे न सांगता चालतं. नाही चालवलं तर माणूस ट्रकखाली जातो. चौदा वर्षं टोळी चालवली आणि कॉलेजात मात्र एकाच बाईला फळीवर उभी करून खालून टाळ्या वाजवत होतो. आता पाळी लावली आहे. एक दिवस मॅडम, एक दिवस इतिहासाचे सर, एक दिवस मुंजाजी सर, बुधवारी मी. आणि ज्याची पाळी झाली त्यानं दुसऱ्या दिवशी कुणाचंही ऐकायचं नाही. रिकाम्या जागांवर संस्थेच्या खर्चानं माणसं घ्यायची, जाहिरात दिली.

"आणि तिसरी?"

"पुन्हा माझा सत्कार करायचा नाही."

ही अट मला कठीण गेली. पण मान्य केली.

"मॅडम, ती लातूरची मुलाखत?"

"परवाच होती."

"मग?"

"परवा हरभरा सोलत होते," म्हणाल्या, आणि क्रीडा खोलीची त्यांच्याजवळची दुसरी किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. "ही राहू द्या इथंच. लागते सगळ्यांना. आणि आप्पा, बिस्किटं तुम्ही खाल्लीत."

गुरुवार, २० फेब्रुवारी

समिती येऊन गेली. समितीच्या अध्यक्षांनी विचारलं, "प्राध्यापकांच्या मानसिक आरोग्यासाठी काय सुविधा आहे?" मुंजाजी सर म्हणाले, "हास्ययोग." मी त्यांच्या पायावर पाय दिला आणि समितीला क्रीडा खोली दाखवली. चादर पाहून ते म्हणाले, "इथं नक्की काय करतात?" मी म्हणालो, "काही न्हाई करत. तीच सुविधा हाय." त्यांनी काय लिहिलं ठाऊक नाही. पण त्यांच्यातल्या एक बाई मागं रेंगाळल्या आणि गादीवर दोन मिनिटं बसून आल्या.

सायलीचा फोन मॅडमना आला होता. आईचा खोकला कमी आहे. रविवारी चुलता निघतोय, मंगळवारी ती वर्गात.

संध्याकाळी घरी आलो. रुक्मिण भाकरी थापत होती, पाय लांब करून. मी पाट ओढून जवळ बसलो.

"कोणता गुडघा?"

तिनं आधी माझ्याकडं नीट पाहिलं, अर्ज मागतो की काय म्हणून. मग म्हणाली, "दोन्ही. महिना झाला."

"सांग."

सांगत होती. गुडघ्यावरून तिच्या माहेरच्या आडावर गेली, तिथून जावेवर, तिथून पुन्हा गुडघ्यावर. मी "हां, हां" म्हणत होतो. माझ्या ताटातली भाकरी गार होऊन गेली. वर तिनं विसरून वांग्याचं भरीत वाढलं होतं. तेही खाल्लं. शेंगदाण्याची चटणीही.

पित्त नाही.

गार भाकरी मानवते असं दिसतंय. रोज गार करूनच खात जावी.